मेल्टन मोब्रेचा पोर्क पाय : हद्द कुठे आखायची?

इंग्लंडच्या मिडलँड्स भागात, लेस्टरशर काउंटीच्या ईशान्य कोपऱ्यात मेल्टन मोब्रे हे बाजाराचं गाव आहे. वस्ती पंचवीस हजारांहून थोडी जास्त. लेस्टर शहर नैर्ऋत्येला पंधरा मैलांवर, नॉटिंगहॅम वायव्येला वीसेक मैलांवर. या गावाचं नाव ब्रिटनभर ठाऊक आहे ते पोर्क पायमुळे. मैद्याच्या जाड कवचात डुकराचं मांस भरून भाजलेला, पूर्ण गार करून सुरीने कापून खायचा हा पदार्थ. सुपरमार्केटच्या थंड कपाटात 'मेल्टन मोब्रे' असं छापलेले पाय सगळीकडे दिसतात. १९९० च्या दशकात मात्र यातला बराच माल गावाच्या जवळपासही बनत नव्हता. नॉर्दर्न फूड्स ही बडी कंपनी श्रॉपशरमधल्या मार्केट ड्रेटनला आणि विल्टशरमधल्या ट्रोब्रिजला हे पाय बनवून त्यांवर हेच नाव लावत असे. ट्रोब्रिज मेल्टनपासून शंभराहून जास्त मैल दूर आहे.

१९९८ साली गावातल्या आणि आसपासच्या उत्पादकांनी 'मेल्टन मोब्रे पोर्क पाय असोसिएशन' काढली आणि नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मागितलं. आपण ज्याला जीआय टॅग म्हणतो, त्याच जातीचं. त्यासाठी दोन गोष्टी कागदावर उतरवाव्या लागतात: माल कसा असतो, आणि तो कुठल्या हद्दीत बनतो. भांडण पेटलं ते दुसऱ्या गोष्टीवरून. पण ते समजायचं तर हा पाय याच गावात का रुजला, इथून सुरुवात करावी लागते.

गवत, चीज, डुक्कर

मेल्टन वसलंय रीक नदीच्या खोऱ्यात. गावाच्या वरच्या अंगाला याच नदीला आय म्हणतात. उत्तरेला बेल्व्हरचं खोरं, भोवती वोल्ड्सच्या बुटक्या टेकड्या. जमीन भारी चिकणमातीची, पाणी धरून ठेवणारी. नांगराला जड, पण गवताला उत्तम. अठराव्या शतकात इथली सामाईक शेतं कुंपणं घालून वाटली गेली आणि पुष्कळ जमीन धान्याखालून निघून कायमच्या कुरणाखाली गेली. कुरण म्हणजे गाई, गाई म्हणजे दूध. वाहतूक बैलगाडी-घोडागाडीची असताना दूध शहरापर्यंत टिकत नाही, म्हणून त्याचं चीज व्हायला लागलं. स्टिल्टन हे निळ्या शिरांचं चीज याच पट्ट्यातलं.

एका स्टिल्टनला, म्हणजे साडेसात-आठ किलोच्या उभट गोळ्याला, साधारण ७८ लिटर दूध लागतं. उरतं ते सगळं व्हे, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणारी निवळी. एवढं पाणी रोज ओतून देणं परवडत नाही आणि त्यात प्रथिनं-साखर शिल्लक असते. ते डुकरांना पाजलं. त्यामुळे चीज करणाऱ्या वाड्यांवर डुकरं आली. डुकरं कापायची ती शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला, कारण बर्फाच्या पेट्या येण्याआधी मांस टिकवायचं तर थंडीच हवी.

नेमका तोच कोल्ह्यांच्या शिकारीचा मोसम. तीच कुरणं आणि तीच कुंपणं घोडे उधळायला नामी ठरली. क्वॉर्न, बेल्व्हर आणि कॉट्समोर या तीन नावाजलेल्या शिकारी मंडळांच्या हद्दी मेल्टनजवळ भिडतात, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च या काळात देशभरचे श्रीमंत इथे मुक्कामाला असत. त्यांच्या मोतद्दारांच्या खिशात गार पाय असायचा. कवच जाड, आत रस्सा गोठलेला, घोड्यावर आदळूनही फुटणार नाही असा. मालकांनी तो चाखला आणि लंडनला परतल्यावरही मागू लागले, अशी पारंपरिक हकीकत आहे. हकीकतीला थोडा मुलामा असेल. व्यापाराच्या तारखा मात्र तिला धरून आहेत. १८३१ साली एडवर्ड अॅडकॉक या बेकरीवाल्याने लीड्स-लंडन घोडागाडीने पाय राजधानीला धाडायला सुरुवात केली. १८५१ साली जॉन डिकिन्सन यांनी नॉटिंगहॅम स्ट्रीटवर जे दुकान थाटलं, ते 'डिकिन्सन अँड मॉरिस' या नावाने त्याच जागी आजही चालू आहे.

या दोन सालांच्या मध्ये रेल्वे आली. त्याआधी गावाला कालवा होता: रीक नदी खोल करून १७९७ मध्ये मेल्टनपर्यंत बोटी आल्या, आणि १८०२ मध्ये पुढे ओकमपर्यंत कालवा गेला. कोळसा आणि धान्य यांना कालवा चालतो. नाशवंत मालाला चालत नाही. शिवाय ओकमच्या कालव्याला पाणीच पुरत नसे. १८४४ मध्ये रेल्वेचे मोजणीदार आले तेव्हा सॅक्सबीजवळ लॉर्ड हार्बरो यांच्या माणसांनी त्यांच्याशी अक्षरशः हाणामारी केली. लॉर्डसाहेबांचा पैसा कालव्यात होता आणि रूळ जाणार होते त्यांच्या बागेतून. १८४६ मध्ये गाडी मेल्टनला आली, ओकमचा कालवा मिडलँड रेल्वेने विकत घेऊन बंद केला आणि मेल्टनचा जलमार्ग १८७७ मध्ये संपला. पायला लंडन एका रात्रीच्या अंतरावर आलं.

बाजार त्याहून फार जुना. १०८६ च्या डूम्सडे या देशभरच्या जमीन-नोंदवहीत लेस्टरशरमधला एकच बाजार नोंदलाय, तो मेल्टनचा. तो भरतो मंगळवारी, आजही. दुग्धपदार्थ विकण्याची जागा म्हणजे मार्केट प्लेसमधला बटर क्रॉस. गुरांचा लिलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्त्यांवरून हलवून स्कॅल्फर्ड रोडच्या आवारात नेला. रस्त्यावरचा बाजार चालवते 'टाउन इस्टेट' ही सोळाव्या शतकातली विश्वस्त संस्था. बाजाराच्या आणि मालमत्तेच्या उत्पन्नातून ती गावातल्या बागा सांभाळते. इंग्लंडमध्ये बाजाराचा हक्क असा गावकऱ्यांच्या विश्वस्तांकडे असणं दुर्मीळ आहे. आपलं नाव हीसुद्धा मालमत्ता आहे, हे मेल्टनला लवकर कळलं त्यात या सवयीचाही वाटा असावा.

माल कसा असतो

असोसिएशनच्या अर्जातलं मालाचं वर्णन बारकाईने वाचलं तर लक्षात येतं की प्रत्येक अट कुणाला तरी बाहेर ठेवते. वर्णन समजण्यासाठी कृती पाहू.

कवच उकळत्या पाण्याचं असतं. घरगुती प्रमाण साधारण असं: ५०० ग्रॅम मैदा, १७५ ग्रॅम लार्ड म्हणजे डुकराची चरबी, २०० मिलिलिटर पाणी आणि मीठ. पाणी आणि लार्ड एकत्र उकळून मैद्यावर ओततात. गरम पाण्याने पिठातला स्टार्च अंशतः शिजतो, चरबी कणाकणाला वेढते, त्यामुळे गोळा ताणला जात नाही पण हवा तसा आकार धरतो आणि गार झाला की ताठ उभा राहतो. गोळा कोमट असतानाच तो 'डॉली' नावाच्या लाकडी ठोकळ्याभोवती हाताने वर चढवायचा. फार गरम असेल तर भिंती घसरून बसकण मारतात, फार गार झाला तर चिरा जातात, आणि एकदा चिरलेलं कवच पुढे दगा देणारच.

भरायचं ते खांद्याचं ताजं मांस. यंत्रात दळलेलं नाही, बारीक चिरलेलं: पाच-सहा मिलिमीटरचे तुकडे. किलोला दहा ते पंधरा ग्रॅम मीठ आणि सढळ पांढरी मिरी. दळलेल्या मांसाचा भाजल्यावर एकसंध लगदा होतो. चिरलेल्याचे कण सुटे राहतात, सुरी लावली की दिसतात. झाकण लावून कड करंजीसारखी मुरडायची, वर वाफेसाठी भोक. मग रात्रभर थंड जागेत ठेवायचं. ही पायरी गाळली तर मऊ कवच भट्टीत पसरतं.

भाजताना मेल्टनची खूण उमटते. इतर बहुतेक कारखान्यांत पाय धातूच्या कड्यात बसवून भाजतात, म्हणून त्यांच्या भिंती सरळ असतात. इथे कडं नसतं. चरबी वितळते आणि आधार नसल्याने भिंती बाहेरच्या अंगाला कमानीसारख्या वळतात. अर्ध्या किलोच्या पायला तास-सव्वा तास, मांसाचं आतलं तापमान ७५ अंश सेल्सिअस होईपर्यंत.

शेवटी जेली. मांस शिजून आकसतं आणि कवचाखाली पोकळी उरते. त्या पोकळीत हवा राहिली तर मांस लवकर खराब होतं. म्हणून डुकराचे खूर आणि हाडं उकळून काढलेला रस्सा भोकातून आत ओततात. तो गोठतो आणि जागा भरतो. वेळ साधावी लागते. पाय कढत असताना ओतलं तर रस्सा कवचात मुरून खालची बाजू ओली होते. पूर्ण गार झाल्यावर ओतलं तर आत थिजलेली चरबी वाट अडवते आणि रस्सा वरच गोठतो. चीर असेल तर सगळा ताटात.

आता अर्जातल्या अटी. भिंती वळलेल्या हव्यात, म्हणजे कड्याशिवाय भाजलेलं. मांस ताजं हवं, मीठ-नायट्राइट लावून मुरवलेलं चालणार नाही. त्यामुळे आतला रंग भाजलेल्या पोर्कसारखा करडा असतो. मुरवलेल्या मांसातल्या नायट्राइटने येणारी गुलाबी छटा या मालात बाद. संपूर्ण पायच्या वजनात मांस निदान ३० टक्के. कृत्रिम रंग, स्वाद आणि टिकाऊपणाची रसायनं वर्ज्य. यांतली कड्याची अट सर्वांत बोचरी. कड्यात भाजलेला पाय मापात येतो, पट्ट्यावर सरळ धावतो, डब्यात नीट बसतो. कड्याशिवायच्या मालाला रात्रभराची थंड जागा लागते, आकारात फरक पडतो, फुटतूट जास्त होते. कृतीचा जुनेपणा जपायला घातलेली ही अट व्यवहारात खर्चाची भिंत ठरते.

हद्द

संरक्षित नावांचे युरोपीय संघाने दोन प्रकार केले होते. पहिल्यात कच्च्या मालापासून तयार मालापर्यंत सगळं त्याच हद्दीत व्हावं लागतं. दुसऱ्यात उत्पादनाची एक तरी पायरी तिथे झाली आणि मालाची ख्याती त्या जागेशी जोडलेली असली की पुरतं. स्टिल्टन चीजला १९९६ मध्ये पहिल्या प्रकारचं संरक्षण मिळालं. ते लेस्टरशर, नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशर या तीन काउंट्यांतच बनवता येतं. ज्या गावाचं नाव त्याला पडलं ते स्टिल्टन केंब्रिजशरमध्ये, हद्दीबाहेर आहे, आणि तिथे ते कायद्याने बनवता येत नाही. पोर्क पायसाठी असोसिएशनने दुसरा प्रकार निवडला. त्यात डुक्कर कुठलं हा प्रश्न येत नाही. निवळीवर वाढलेल्या डुकरांची साखळी कधीच तुटली होती, त्यामुळे पहिला प्रकार मागितला असता तर माल मिळणंच कठीण होतं.

हद्द मात्र फक्त गावाची मागितली नाही. उत्तरेला नॉटिंगहॅम शहर धरून ए५२ रस्ता, पूर्वेला ग्रँथम आणि स्टॅमफर्ड धरून ए१, पश्चिमेला एम१ महामार्ग, दक्षिणेला नॉर्दॅम्प्टन धरून ए४५ आणि ए६०५. साधारण १,८०० चौरस मैलांचा प्रदेश. रस्त्यांनी हद्द आखण्याचा फायदा उघड आहे: तपासनीसाला कारखाना आत की बाहेर हे नकाशावर बोट ठेवून सांगता येतं. चिकणमाती किंवा कुरणं यांच्या सीमेवर तसं बोट ठेवता येत नाही.

नॉर्दर्न फूड्सने नेमकं इथेच बोट ठेवलं. म्हणणं असं: नाव एका गावाचं आहे, नियमातली हद्द नावाच्या जागेशी जुळायला हवी, इथे नाव एका गावाचं आणि हद्द त्याच्या कित्येक पट. जो पाय गावाबाहेर चाळीसेक मैलांवर बनला तरी चालतो, तो शंभर मैलांवर बनला तर का चालू नये? बिनतोड नसला तरी हा युक्तिवाद हलका नव्हता. असोसिएशन म्हणजे फक्त गल्लीतले बेकरीवाले नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवं. डिकिन्सन अँड मॉरिसचं दुकान १९९२ पासून सॅमवर्थ ब्रदर्स या मोठ्या खाद्यकंपनीकडे आहे आणि तिचा लेस्टरमधला कारखानाही हद्दीच्या आत येतो. एका बड्या कंपनीने आखलेली रेषा आणि दुसरी बडी कंपनी बाहेर, असंही हे प्रकरण वाचता येतं.

असोसिएशनची आणि सरकारची बाजू इतिहासावर उभी होती. नाव गावाचं असलं तरी धंदा कधीच गावाच्या वेशीत कोंडलेला नव्हता. शिकारीचा मुलूख, चीजचा मुलूख आणि पायचा मुलूख एकमेकांवर पसरलेले आहेत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वेने आसपासच्या शहरांतल्या बेकऱ्यांनाही याच पद्धतीत ओढलं. श्रॉपशर किंवा विल्टशर त्या मुलखात कुठल्याही काळी नव्हतं.

ब्रिटिश कृषी-पर्यावरण खात्याने अर्ज युरोपकडे पाठवायचं ठरवलं, तेव्हा कंपनीने खात्याच्या निर्णयाला लंडनच्या उच्च न्यायालयात आव्हान दिलं. डिसेंबर २००५ मध्ये न्यायमूर्ती क्रेन यांनी ते फेटाळलं. नावाची जागा आणि उत्पादनाची हद्द तंतोतंत एकच असली पाहिजे असं नियम म्हणत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. २००६ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने हाच मुद्दा युरोपीय न्यायालयाकडे विचारणेसाठी पाठवला. तिथे उत्तर मिळण्याआधी प्रकरण मागे घेतलं गेलं. त्यामुळे निकाल असोसिएशनच्या पदरात पडला, पण हद्द नावापेक्षा किती मोठी असू शकते या प्रश्नाला युरोपच्या सर्वोच्च पातळीवर उत्तर मिळालंच नाही.

अर्जाची वाट तरीही लांबच होती. एप्रिल २००८ मध्ये तो युरोपीय राजपत्रात छापला, हरकतींची मुदत गेली आणि २००९ मध्ये नाव नोंदलं गेलं. असोसिएशन स्थापन होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटनची स्वतःची यादी सुरू झाली आणि जुनी नावं तिच्यात आपोआप आली.

पुढे काय झालं

नोंदणीनंतर गावाने खाण्यावर आणखी भर दिला. २००९ पासून सेंट मेरीज चर्चमध्ये ब्रिटिश पाय अॅवॉर्ड्स भरतात. चर्चच्या खांबांमधून टेबलं मांडून परीक्षक कवच ठोकतात, कापतात, आतली पोकळी आणि जेली पाहतात. नॉटिंगहॅम स्ट्रीटवरच्या दुकानात डॉलीवर पाय चढवण्याचं प्रात्यक्षिक होतं, आणि गाव स्वतःला 'खाद्याची ग्रामीण राजधानी' म्हणवून घेतं. एवढं असूनही पायवर गावाचं पोट चालत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून इथली मोठी नोकरी कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्याच्या कारखान्यात आहे. मार्स कंपनीचा पेडिग्री हा छाप इथलाच. पर्यटकांच्या माहितीपत्रकात मात्र त्याला जागा मिळत नाही.

शेतकऱ्याला काय मिळालं, याचं उत्तर अडचणीचं आहे. डुक्कर कुठलंही चालत असल्याने नावाचा फायदा बेकरीपाशी थांबतो. मंगळवारच्या गुरांच्या बाजाराला या शिक्क्याने थेट काही दिलेलं नाही. पहिल्या प्रकारचं संरक्षण मागितलं असतं तर दिलं असतं, पण मग सुपरमार्केटांची मागणी पुरवणारा मालच उभा राहिला नसता आणि नाव कागदावर उरलं असतं. निवड व्यवहारी होती, आणि किंमत कुणी दिली हेही स्पष्ट आहे.

दुकानात उभं राहून ओळखायचं तर आधी भिंत पाहावी. सरळ असेल तर पुढे पाहायची गरज नाही. कापलेला असेल तर मांस करडं आहे का, सुटे कण दिसतात का, आणि मांस व कवच यांच्यामध्ये जेलीचा अखंड थर आहे का, ते पाहावं. शेवटी वेष्टनावर संरक्षित नावाची गोल मुद्रा. मिरी किती, इतर मसाला कोणता, हे नियमात बांधलेलं नाही, म्हणून दोन बेकऱ्यांचे अस्सल पाय चवीला वेगळे लागतात. साधा 'पोर्क पाय' तर कुणीही, कुठेही, कड्यात भाजून विकू शकतो. त्यामुळे नॉटिंगहॅमच्या औद्योगिक वसाहतीत नियमाने बनवलेला पाय 'मेल्टन मोब्रे' हे नाव हक्काने लावतो, आणि मेल्टनच्याच बाजारपेठेत, बटर क्रॉससमोर, मुरवलेल्या मांसाचा कुणी बनवला तर त्याला ते लावता येत नाही.